खिडकीतला गूळ

अण्णा, तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी माझी बाजू उघडली. आपल्या लिंगायतांत सुतक धरत नाहीत, आणि लोकांचं दुखणं कुणाच्या मरणासाठी थांबत नाही. पण तुझ्या बाजूच्या फळ्यांना अजून हात लावलेला नाही. फळ्या बंद असल्या तरी वास काही थांबत नाही बघ. सुंठ, वेखंड, ज्येष्ठमध, आणि या सगळ्यांच्या खाली तो जुना मातकट वास, जो तुझ्या सदऱ्यालाही यायचा. गिऱ्हाइकं येतात, बंद फळ्यांकडं बघतात, मग माझ्याकडं बघतात. मी मान हलवतो. काल एका म्हातारीनं फळीला हात लावून नमस्कार केला, तेव्हा मी उगाच आत जाऊन कपाट पुसत बसलो.

शिवानंद सोमवारी पुण्याला परत जातोय. तुझा मुलगा तुझ्यासारखा नाही, त्याला सगळं लवकर उरकायचं असतं. बँकेत राहून तसं होत असेल. त्यानं मला सरळ विचारलं, "काका, मधली भिंत काढून टाकू या का? तुमचं मेडिकल मोठं होईल. बाबांची बाजू आता कोण बघणार?" पोरगा चुकीचं काही बोलला नाही. आप्पांच्या, म्हणजे आपल्या वडिलांच्या, एकाच दुकानाचे आपण दोन भाग केले होते. उजवीकडं तू, मुळ्या, साली, पोती आणि पत्र्याचे डबे घेऊन. डावीकडं मी, काचेची कपाटं आणि गोळ्यांच्या बाटल्या घेऊन. मधे फळ्यांची भिंत. आता उजवीकडचा माणूसच राहिला नाही, तर भिंत कशासाठी ठेवायची?

माझं उत्तर तयार होतं. 'काढू या,' असंच सांगणार होतो. काल दुपारपर्यंत. काल दुपारी वहिनींनी मला जे सांगितलं, त्यानंतर मला तुझा इतका राग आलाय की काय सांगू. म्हणून हे लिहायला बसलोय. तू गेलास म्हणून आपलं भांडण मिटलं, असं समजू नकोस.

गिऱ्हाइकांदेखत मी तुला 'अहो अण्णा' म्हणायचो. घरात आपलं कन्नड. तिथं तू मला 'तम्मा' म्हणायचास, म्हणजे धाकटा, आणि मी तुला 'नी', म्हणजे तू. आज रविवार, दुकानात कुणी नाही, म्हणून मराठीतही तूच म्हणतो.

आप्पांचा नियम तुला मिळाला, मला फक्त त्याचा जाच मिळाला. "जे आपल्या जिभंवर ठेवलं न्हाय, ते दुसऱ्याच्या पोटात घालायचं न्हाय." नवं पोतं सुटलं की त्यातली चिमूट आधी आप्पांच्या तोंडात. मग तुझ्या. मग मी शाळेत जायला निघालेला असलो तरी माझ्या. कडू चाखून झालं की गुळाचा खडा. त्या गुळासाठी मी हिरडा, कुटकी, काय वाटेल ते खाल्लंय. बिब्बा आणि बचनाग तेवढे आप्पांनी नियमातून वगळले होते, नाहीतर आपलं घराणं कधीच संपलं असतं.

मी औषधांचं शिकून पुण्याहून परत आलो, तोवर आप्पा गेले होते. मला मेडिकल काढायचं होतं, आणि जागा तर एकच. मी आठवडाभर घाबरून बोललोच नाही. तूच एक दिवस सुतार घेऊन आलास. "हितं मधोमध भिंत घाल," म्हणालास. मला वाटलं, रागावून वाटणी करतोयस. तर म्हणे, "दोगांचा वास एकमेकांत मिसळाय नको. माझ्या ओव्याला तुझ्या स्पिरिटचा वास लागला तर कोण घील?" सुतार मापं घेऊन निघाला, तसं त्याला परत हाक मारलीस. "मधी एक खिडकी ठेव की रे. भावाभावांत भिंत असती, पर खिडकी नको का?" सुतार माझ्याकडं बघून हसला. मीही हसलो. मला तेव्हा ती तुझी गंमत वाटली.

पहिला माल आला, तेव्हा तू धोतराचा सोगा खांद्यावर टाकून माझ्या बाजूला आलास आणि विचारलंस, "चाखलास का?"

"अण्णा, गोळ्या कुणी चाखतं का?"

"मग लोकास्नी कसं देणार?"

कितीतरी समजावलं तुला. कंपनी तपासते, सरकार तपासतं, वर छापलेलं असतं. तू ऐकून घेतलंस, मान डोलावलीस, आणि समोरच्या बाटलीतली हिवतापाची गोळी उचलून जिभेवर ठेवलीस. साखरेचा मुलामा होता तिला. तुझा चेहरा खुलला. "ग्वाड हाय की रे!" आणि मग साखर विरघळली. तू रस्त्यावर जाऊन थुंकलास, परत आलास, पाणी प्यालास आणि म्हणालास, "तम्मा, तुझं औषध लबाड हाय. वरनं साखर लावून आत कडू. आमचं कडू आधी कडूच लागतंय, गूळ आमी मागनं देतो." पुढं कितीतरी वर्षं तू सगळ्या इंग्रजी औषधांना 'लबाड' म्हणत राहिलास. कुणी गोळ्या मागायला चुकून तुझ्याकडं आलं, की खिडकीतून आरडायचास, "तम्मा, एक लबाड गिऱ्हाईक आलंय!" माणसं बावरायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण एक सांगतो, आणि हे तुझ्या तोंडावर कधी सांगितलं नाही. तुला तुझ्या औषधाची हद्द ठाऊक होती. ती मला माझ्या औषधाचीही नीट ठाऊक नव्हती. गिरणीतला कामगार खोकत आला, की अडुळसा देण्याआधी तू विचारायचास, "रगत पडतंय का? संध्याकाळी कणकण येती का?" हो म्हणाला की अडुळशाचा डबा बंद. "आदी छातीचा फोटो काढून ये. मग आपण बोलू." पूर्व भागातली ती विणकर बाई आठवते? तिच्या कडेवरचं पोरगं जुलाबानं सुकून गेलं होतं. ती तेलुगूत बोलत होती, तुला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. तू पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडलीस, ती तशीच उभी राहिली. "ह्यो माझाबी न्हाय, तुझाबी न्हाय," म्हणालास आणि स्वतः रिक्षा थांबवून तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलास. दुकान तसंच उघडं टाकून. पोरगं वाचलं. ती बाई पुढं त्याच्या पोटासाठी वावडिंग न्यायला यायची, आणि ते पोरगं तुझ्या पोत्यावर चढून बसायचं.

आणि मीही काही कमी नव्हतो. जागरण आणि मिसळ करून पोट बिघडवून आलेल्या पोरांना मी गोळी न देता खिडकीकडं बोट दाखवायचो. बाळंतिणींचं तर सगळंच तुझ्याकडं. आपल्यात तसं कधी ठरलं नव्हतं, ठरत गेलं. समोरचे डॉक्टर म्हणायचे, तुम्ही दोघं भाऊ भांडता, पण तुमची गिऱ्हाइकं भांडत नाहीत.

मग माझा धंदा वाढला. खोटं कशाला बोलू. कंपन्यांची माणसं बॅगा घेऊन यायला लागली, खोकी यायला लागली, ठेवायला जागा पुरेना. मी रेल्वे लाइन्सकडं वेगळं बिऱ्हाड केलं. खिडकीच्या फळीवर मी टॉनिकची खोकी रचली. आधी एक, मग दोन, मग खिडकी दिसेनाशी झाली.  गिऱ्हाईक पाठवायचं झालं, तर रस्त्यावरून वळसा घालून पाठवायचास. आपलं बोलणं दिवसातून चार वाक्यांवर आलं, आणि त्यातही दोन शिवानंदच्या शाळेबद्दलची असायची.

दुष्काळाच्या वर्षी तुला मुदतीचा ताप आला. गावात टँकरचं पाणी, त्यातून अर्धी पेठ आजारी. तू पहिले कित्येक दिवस काढ्यावर काढलेस. मी रोज संध्याकाळी यायचो आणि भांडायचो. "अण्णा, हा तुझा ताप नाही. तूच म्हणतोस ना, हद्द ओळखावी?" तू भिंतीकडं तोंड करून पडायचास. शेवटी तू बरळायला लागलास, आप्पांना हाका मारायला लागलास, तेव्हा मी कुणालाही न विचारता डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी कॅप्सुला लिहिल्या. मी दुकानातून घेऊन आलो, वहिनींनी तुझं डोकं उचलून धरलं, मी कॅप्सूल ओठांशी नेली. तू तोंड घट्ट मिटलंस. डोळे उघडे, तापानं लाल. म्हणालास, "चाखलास का?"

 वहिनी रडायला लागल्या होत्या. मी कॅप्सूल फोडली, भुकटी जिभेवर घेतली. अण्णा, इतकं कडू मी आयुष्यात काही खाल्लं नव्हतं. तुझी कुटकी त्यापुढं पेढा. माझे डोळे भरून आले, ते कडूपणानं की कशानं, ते मला अजूनही सांगता येणार नाही. तू माझ्या तोंडाकडं बघत होतास. मग लहान पोरासारखं तोंड उघडलंस.

तू वाचलास. दिवाळीआधी दुकानात येऊन बसायला लागलास, अंगात सदरा ढिला झालेला. सगळं पूर्वीसारखं सुरू झालं असं मला वाटलं.

मग ते अक्कलकोटकडचे म्हातारे आले, दर वर्षी काडेचिराईत न्यायचे ते. तापाच्या काढ्यात घालायच्या त्या काड्या, ज्यांच्या कडूपणावरच सगळं असतं. हातात पुडी तशीच. म्हणाले, "शेट, ह्या बारीचं किराईत कडूच न्हाय की. म्हातारी म्हनती, गवत उकळून आनलंसा काय?" मी माझ्या बाजूनं ऐकत होतो. तू पुडीतली काडी घेतलीस, चावलीस. बराच वेळ चावत राहिलास. मग तू आपल्या खिडकीकडं बघितलंस. तिथं माझी खोकी होती. तू उठून रस्त्यावरून वळसा घालून माझ्याकडं आलास, काडी माझ्या तळहातावर ठेवलीस.

"चाख."

मी चाखली. साधं वाळकं गवत. तसं सांगितलं.

तू मान खाली घातलीस. "मला कळंना रे तम्मा. ताप गेल्यापास्नं मला कशाचीच चव कळंना."

एवढे दिवस तू रोज चिमूट तोंडात टाकत होतास, मान हलवत होतास, आणि तुला काहीच कळत नव्हतं. सवयीनं करत होतास, की लाजेनं, ते मी विचारलं नाही. तू त्या म्हाताऱ्यांसमोर हात जोडलेस, ते पोतं सगळ्यांदेखत बाहेर काढून गाईपुढं ओतलंस आणि फळ्या लावून घरी निघून गेलास.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तापानंही चव जाते, औषधानंही जाते, नक्की सांगता येत नाही. कधी परत येते, कधी नाही. आपलं मोठं भांडण तिथून सुरू झालं. तू म्हणायचास, "तुझ्या लबाड कॅप्सुलानं माझी जीभ न्हेली." मी म्हणायचो, तापानं नेली, आणि काढ्यावर दिवस काढले नसतेस तर तीही गेली नसती. तू हसत म्हणायचास, मी हसत उत्तर द्यायचो. पण घरी जाताना मनात एकच यायचं. माझ्या हातानं दिलेल्या औषधानं माझ्या भावाचं काम गेलं असेल का? गवयाचा गळा जावा तसं तुझं झालं होतं. हा प्रश्न मी इतकी वर्षं उशाशी घेऊन झोपलोय. तुला ते ठाऊक होतं का? ठाऊक असणारच. म्हणून तर राग येतो.

तू घरातून बाहेर पडेनास. मी तुला न्यायला आलो. तू बाजेवर बसून शेंगा फोडत होतास.

"जीभ गेली म्हणून काय झालं? डोकं आहे ना?"

"डोस्क्यानं औषध चाखता येत न्हाय."

"मग माझी जीभ घे!" मी ओरडलो. रागाच्या भरात ओरडलो, वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. पण तू ते वाक्य उचललंस आणि खिशात घातलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू तुझ्या बाजूनं खिडकीवर टकटक केलीस. मी खोकी उतरवली. तू खिडकीत पितळी वाटी ठेवलीस, वाटीत चिमूटभर काहीतरी, आणि विचारलंस, "ह्यांग अद, तम्मा?" कसं आहे.

"कडू."

"कसलं कडू? कारल्याचं येगळं, मेथीचं येगळं, निंबाचं येगळं. आल्या आल्या लागलं का मागनं आलं? जिभंच्या शेंड्याला का घशाला?"

मी वैतागायचो. समोर गिऱ्हाइकं उभी, आणि हा माणूस मला घशाबद्दल विचारतोय. पण हळूहळू माझी जीभ तुझं ऐकायला लागली. गुळवेल आधी काहीच बोलत नाही, मग सावकाश कडू होत जाते. आवळा चावून वर पाणी प्यालं की पाणी गोड लागतं, लागलं नाही तर आवळा जुना. अक्कलकाऱ्यानं जिभेला झिणझिण्या येतात. त्या मात्र तुलाही कळायच्या, आणि त्या दिवशी तू खूश असायचास. मी सांगायचो, तू डोळे मिटून ऐकायचास, आणि मग म्हणायचास, "बरोबर हाय, घे," किंवा, "परत पाठव." माझी जीभ आणि तुझं डोकं, असं मिळून ते दुकान चाललं. माझी जीभ चुकली, तर तुझं नाक सावरून घ्यायचं. एकदा मला सर्दी होती, मी ज्येष्ठमधाला चांगलं म्हणालो. तू काडी गालात धरून थोडा वेळ बसलास आणि म्हणालास, "नको. ओलसर वास मारतोय." मी म्हटलं, नाक तरी शाबूत आहे अण्णाचं.

शेवटी गूळ. तू ढेपेचा खडा घ्यायचास, दोन तुकडे करायचास, एक खिडकीतून मला द्यायचास, एक स्वतःच्या तोंडात टाकायचास. मग तो तसाच घोळवत, डोळे अर्धे मिटून, रस्त्याकडं बघत बसायचास. ज्याला चव नाही तो माणूस रोज गूळ कशाला खातो, हे माझ्या मनात कधी आलं नाही. मी आपला तुकडा खायचो आणि कामाला लागायचो.

पण त्या गुळाबरोबर गप्पा सुरू झाल्या. आधी औषधांच्या, मग आईच्या, आप्पांच्या. गड्ड्याच्या यात्रेत मी हरवलो होतो आणि तू मला पाळण्याखालून शोधून काढलंस ती, मी निदान शंभरदा ऐकलेली गोष्ट. माझ्या मुलीचं लग्न त्या खिडकीत ठरलं. तुझं पहिलं नातवंड झालं, ते तू मला त्या खिडकीतून सांगितलंस. खोकी मी पोटमाळ्यावर नेली. तिथून काढताना रोज कंबर धरायची, पण परत खाली आणली नाहीत.

आणि तू एके दुपारी जेवून उठलास, पानाला चुना लावलास आणि खाली बसलास तो उठलाच नाहीस. मी पळत आलो तोवर सगळं संपलं होतं. तुझं चूर्ण नाही, माझी गोळी नाही, कुणालाच वेळ मिळाला नाही. तुला अंघोळ घालून, विभूती लावून भिंतीला टेकवून बसवलं, तेव्हा तू दुकानात बसतोस तसाच दिसत होतास. मी समोर बसून होतो. मला सारखं वाटत होतं, आता विचारशील, ह्यांग अद, तम्मा?

काल दुपारी वहिनींनी मला आग्रहानं जेवायला बसवलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आमटी. मी पहिला घास घेतला आणि त्या म्हणाल्या, "भावजी, मीठ बगा हो. तुमच्या अण्णांनी सांगितल्याबिगर मला मिठाचा अंदाजच येईना."

मी म्हटलं, "अण्णा कुठं सांगणार, वहिनी? त्याला कुठं चव होती?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग पदर तोंडाला लावला, आणि हसायला लागल्या की रडायला, ते मला आधी कळलंच नाही.

"चव कवाच परत आली हुती. दुष्काळ सरला, त्याच्या म्होरल्या संक्रांतीला. मी तीळगूळ हातावर ठेवला, तर म्हणालं, गौरा, ह्यात येलदोडा लई झालाय. मी तर येडीच झाले. म्हणलं, आत्ताच्या आत्ता भावजीस्नी सांगून या. तर माझा हात धरला."

"का?"

"म्हणालं, तम्माला सांगू नको. जीभ आली म्हणून कळलं, तर परत खिडकीत खोकी रचंल."

अण्णा, माझा घास तोंडातच राहिला. चटणीत मीठ कमी होतं.

वहिनी बोलत होत्या. मी जेवायला आलो की तू मुकाट्यानं जेवायचास, आणि मी दाराबाहेर पडलो की आमटीला नावं ठेवायला लागायचास. त्या ज्येष्ठमधाच्या दिवशी घरी येऊन म्हणाला होतास, "आज गावलो असतो. नाकाचं नाव सांगून सुटलो." आणि दोघं हसला होतात. हसला होतात! मी तिकडं उशाशी प्रश्न घेऊन झोपतोय, आणि तुम्ही इकडं हसताय.

मी तुझ्या घरून तरातरा दुकानात आलो. तू समोर असतास तर तुला दोन्ही खांद्यांना धरून हलवलं असतं. अरे, तुला साधं सांगता येत नव्हतं? 'तम्मा, तू खिडकीत येत जा, मला बरं वाटतं,' एवढं एक वाक्य? मी आलो नसतो का? मग मी माझ्या खुर्चीत बसलो आणि विचार केला, आलो असतो का? दोन दिवस आलो असतो. मग कुणीतरी बॅग घेऊन आलं असतं, मग खोकी आली असती. तू मला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होतास. जन्मभर माझ्या औषधाला लबाड म्हणालास, आणि तूच वरून कडू लावून आत साखर ठेवलीस.

आता राग ओसरलाय. पूर्ण नाही. पण एक ओझं उतरलं. माझ्या हातच्या औषधानं तुझी जीभ नेली असेलही, पण ती परत आली होती. तू आमटी चाखलीस, तीळगूळ चाखलास, नातवाच्या बारशाचे पेढे चाखलेस. शेवटच्या दिवशीच्या पानाचीसुद्धा चव तुला कळली असेल. यासाठी मी देवासमोर नारळ फोडायला हवा.

एवढं लिहून मी मघाशी उठलो आणि तुझ्या फळ्या काढल्या. कोपऱ्यात काडेचिराईताचं एक पोतं बांधलेलंच होतं, तू गेलास त्या आठवड्यात आलेलं, कुणी न चाखलेलं. मी ते सोडलं, एक काडी पितळी वाटीत घातली, वाटी खिडकीत ठेवली. मग रस्त्यावरून वळसा घालून माझ्या बाजूला आलो, कारण मला त्या खिडकीच्या त्याच बाजूची सवय आहे. काडी चावली. आल्या आल्या लागलं, अण्णा. जिभेच्या मागच्या भागाला, मग घशाला, आणि मग बराच वेळ गेलंच नाही. कारल्याचं नाही, मेथीचं नाही, किराईताचंच. मी मोठ्यांदा म्हणालो, "बरोबर हाय, घे."

शिवानंद कधी येऊन पायरीवर उभा राहिला होता, मला माहीत नाही. त्यानं विचारलं, "काका, कुणाशी बोलताय?"

मी त्याला सांगितलं, भिंत काढायची नाही. तुझ्या बापाची बाजू मी बघेन, जमेल तेवढी जमेल. ज्याची हद्द मला कळणार नाही त्याला डॉक्टरांकडं पाठवीन, तुझा बापही तेच करायचा. आणि मग त्याला आत बोलावलं. वाटी पुढं केली. तो बँकेतला साहेब, इस्त्रीच्या कपड्यातला, काडी तोंडात घालून असा काही चेहरा केला त्यानं, की तू पोट धरून हसला असतास. मी विचारलं, "ह्यांग अद?" तो म्हणाला, "कडू." मी म्हटलं, "कसलं कडू?"

तुझ्या गुळाचा डबा गल्ल्याशेजारीच सापडला. खडा घेतला, तुझ्यासारखे दोन तुकडे करायला गेलो, तर तीन झाले. एक शिवानंदला दिला, एक मी खाल्ला. तिसरा खिडकीत ठेवलाय, तुझ्या बाजूला. मुंग्या लागतील, लागू देत. तिथं आता खोकी येणार नाहीत.